मामांच्या आभाळातल्या रेघा

रत्नागिरीत जमिनीवर काय चाललं आहे याची ज्यांना सुतराम कल्पना नसे, पण आभाळात काय चाललं आहे हे ज्यांच्याशिवाय कोणालाच ठाऊक नसे, असे एकच गृहस्थ त्या काळी होते आणि नेमके तेच माझ्या वाट्याला मामेसासरे म्हणून आले. म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गावाला रेल्वे नव्हती. मुंबई गाठायची तर रात्रभर एस.टी.त हाडं खिळखिळी करून घ्यावी लागत. पण मामांच्या मते रत्नागिरी हे जगातल्या एका मोठ्या हमरस्त्यावरचं गाव होतं. "रस्ता फक्त जरा उंचावर आहे, जावईबुवा," असं म्हणून ते बोट वर करत. नीट पाहिलं तर खरोखरच निळ्या आभाळात एक पांढरी रेघ सरकत असायची आणि तिच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढं विमान चमकत असायचं. नोकरीने मामा पाटबंधारे खात्यात कारकून होते. इतक्या वर्षांत त्यांनी एखादा पाट किंवा बंधारा मान खाली घालून पाहिला असेल असं मला वाटत नाही.

दुबईहून परतलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी एक कॅमेरा आणि त्याला लावायचं दुधीभोपळ्याएवढं भिंग मिळवलं होतं. या दोन वस्तूंची घरात जी बडदास्त होती ती आम्हा जावयांचीही नव्हती. खाऱ्या हवेने भिंगाला बुरशी धरू नये म्हणून पावसाळाभर त्यांचा मुक्काम तांदळाच्या डब्यात असे, आणि मामींना रोज भातासाठी तांदूळ काढताना आधी कॅमेरा बाजूला करावा लागे. "आमच्याकडे तांदळात खडे निघत नाहीत हो, कॅमेरे निघतात," असं त्या आल्यागेल्याला सांगत. दिवाळी सरून हवा कोरडी झाली की कॅमेरा डब्यातून बाहेर येई आणि मामा घरातून बाहेर पडत. मग मे महिन्यापर्यंत त्यांची हनुवटी काही खाली येत नसे. वर बघत चालताना ते गटारात पडले आहेत, म्हशीला "माफ करा हं" म्हणाले आहेत, आणि मांडवीच्या किनाऱ्यावर तर चपलांसकट गुडघाभर पाण्यात शिरले आहेत. एकदा मासळीबाजारात पिशवी हातात तशीच धरून ते वर पाहत उभे राहिले. समोरची कोळीण वैतागली. "अवो मामा, पापलेट हितं खाली हाय, वर काय बगताव?" मामांनी तिलाही वर बघायला लावलं. बोट करून रेघ दाखवली, विमान कुठून कुठे चाललं असेल ते समजावून सांगितलं. तीही बिचारी तोंडाचा आ करून बघत राहिली आणि तेवढ्यात मांजराने टोपलीतला बांगडा लांबवला. तेव्हापासून मामा दिसले की ती आधी टोपलीवर फडकं टाकत असे.

मामांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावत असे : "आधी रेघा मोजा, मग तोंड उघडा." दोन एंजिनांचं विमान दोन रेघा सोडतं, चार एंजिनांचं चार. नुसत्या डोळ्याला मागे जाऊन त्यांची एकच रेघ दिसते, पण भिंगातून विमानाच्या अगदी पाठीशी पाहिलं की स्वच्छ मोजता येतात. या बाबतीत मामा कोणाचीही भीड ठेवत नसत. शेजारच्या वकिलांनी एकदा दोन रेघांच्या विमानाला सहज "जंबो", म्हणजे चार एंजिनांचं, म्हटलं. मामांनी फोटो धुऊन येईपर्यंत दम धरला आणि आला तसा तो घेऊन वकिलांच्या घरी, सत्यनारायणाच्या पूजेत, भटजींच्या देखत रेघा मोजून दाखवल्या. चुकीचं विमान सांगणं म्हणजे त्यांच्या लेखी खोटी साक्ष देण्यासारखंच होतं. रेघ लवकर पुसली गेली की हवा कोरडी, रेंगाळली की ढग येणार, असाही त्यांचा एक सिद्धांत होता. आंब्याला मोहर आला की दोन-चार बागायतदार फवारणी करायची की नाही हे विचारायला मामांकडे येत. मामा छातीठोकपणे सांगत, आणि निम्म्या वेळा ते चुकत. तरी पुढच्या वर्षी ते बागायतदार पुन्हा येत, कारण इतक्या खात्रीने बोलणारा दुसरा माणूस गावात नव्हता.

या छंदाची झळ मलाही लागली आहे. आमच्या लग्नात फोटो काढायची जबाबदारी मामांनी आपणहून घेतली. मांडव अंगणात होता. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, मी हार उचलला, आणि मामा कुठेच नव्हते. ते मांडवाच्या बाहेर विहिरीच्या कठड्यावर उभे होते. आमच्या अल्बममध्ये अंतरपाटाआधीचे फोटो आहेत, पंगतीचे आहेत, आणि मधे अख्ख्या पानावर एक विमान आहे. बायको चिडली तेव्हा मामा म्हणाले, "अगो, हार काय, कोणीही घालतं. ऐन मुहूर्तावर चार एंजिनं किती जणांच्या डोक्यावरून जातात?"

अशा या माणसाच्या एकुलत्या एका लेकीचं, कुंदाचं, लग्न झालं. जावयाची नोकरी त्रिवेंद्रमला होती. लग्नानंतर दोघं मुंबईहून विमानाने जाणार असं ठरलं आणि मामींच्या डोळ्यांचं पाणी खळेना. लेक इतकी लांब जाणार आणि तिला निरोप द्यायलाही आपण नाही, हे त्यांना सोसत नव्हतं. त्यांना एस.टी. लागायची, गावाजवळचं पाली येईपर्यंतच जीव नकोसा व्हायचा, तर मुंबईपर्यंत कशा जाणार? तेव्हा मामा उठले आणि म्हणाले, "तू मुंबईला कशाला जातेस? कुंदाच इथून जाणार आहे. त्रिवेंद्रमचा रस्ता आपल्या डोक्यावरून आहे. मी तुला तिचं विमान दाखवतो, माझा शब्द आहे." मामी त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्या.

पोचवायला मुंबईला मी आणि माझी बायको गेलो. इकडे मामांनी मामींना दुपारीच गावाबाहेरच्या कातळावर नेलं. त्या उघड्याबोडक्या काळ्या सड्यावर एक पांढरी चादर अंथरली, वाऱ्याने उडू नये म्हणून चारी टोकांना चिरे ठेवले, म्हणजे कुंदाला ती वरून दिसेल. आणि तिकडे सांताक्रूझच्या विमानतळावर आम्ही विमानाची वाट पाहत बसलो होतो. काहीतरी बिघाड निघाला होता. आता सुटेल, मग सुटेल, असं करता करता सूर्य मावळला आणि विमान उडालं तेव्हा चांगला अंधार झाला होता. परतीच्या एस.टी.त मी आणि बायको एकच विचार करत होतो : मामींना हे सांगायचं कसं?

सांगायची वेळच आली नाही. आम्ही अंगणात पाऊल टाकलं तोच मामी लगबगीने बाहेर आल्या. "पाहिली हो मी तिला! कशी सरळ गेली पोर. मी पदर हलवला, दोन्ही हात हलवले." त्यांच्या मागे मामा उभे होते, मान ताठ, चेहऱ्यावर नेहमीची खात्री. माझ्या बायकोने माझा हात दाबला. आम्ही दोघांनीही विमान अगदी वेळेवर सुटल्याचं सांगून टाकलं. कुंदालाही तसं कळवून ठेवलं. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा, वरून चादर स्पष्ट दिसली, असं म्हणाली.

मामांनी त्या विमानाचा फोटो मोठा करून, काच लावून ओटीवर टांगला. एकदा संध्याकाळी त्याच्यासमोर चहा घेत बसलो असताना सवयीने मी रेघा मोजल्या. कुंदाचं विमान मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं, दोन एंजिनांचं. फोटोत रेघा चार होत्या. वकिलांना पूजेत उघडं पाडणाऱ्या माणसाच्या ओटीवर चुकीचं विमान टांगलेलं होतं, आणि रेघा मोजल्याशिवाय त्यांनी ते टांगणं शक्य नव्हतं! मी मामांकडे पाहिलं. त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे नजर टाकली आणि मग आवाज खाली आणला. "मोजल्यात वाटतं? तिचं विमान आलंच नाही हो. हेच आलं. ही नुसती रडत बसली होती. म्हटलं, बघ, आली कुंदा." मग चहाचा कप उचलत म्हणाले, "हिला सांगू नका." मामांना दबक्या आवाजात बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि मला त्यांचा फार लोभ वाटला.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यानंतरच्या दिवाळीत मी मामींकडे गेलो होतो. त्या स्टुलावर चढून फोटोची काच पुसत होत्या. मी स्टूल धरलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "कुंदाचं विमान ना?"

मामी पुसता पुसता थांबल्या. "चार रेघा आहेत हो," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं ह्यांच्याबरोबर काढली, मला एवढं मोजता येणार नाही? कातळावर ह्यांनी भिंग माझ्या डोळ्याला लावलं तेव्हाच मोजल्या. पण ह्यांनी भर उन्हात ते चिरे वाहून चादर अंथरली होती. शब्द दिला होता ना मला. मग म्हटलं, पाहिली हो, पाहिली."

मग त्यांनी पदराने काचेचा उरलेला कोपरा पुसला आणि फोटो जरा तिरका झाला होता तो सरळ केला.