भरतीचा नावाडी

दैवशालाच्या हातातलं सूप निसटलं आणि पाखडलेली ज्वारी ओसरीभर पांगली. आतल्या खोलीत खेळत बसलेल्या पोरांना वाटलं, शेळी शिरली असेल. शेळ्या बिचाऱ्या बाहेर लिंबाखाली निवांत रवंथ करत होत्या. दैवशाला मात्र धड बसलेली नाही, धड उभी नाही, अशी गुडघ्यावर खिळून राहिली होती. आतून तिचा लेक प्रीतम आवाज बदलून काहीतरी बोलला होता. एकच वाक्य, तेही एवढंसं. पण ते वाक्य या जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक ती स्वतः, आणि दुसरा तिचा नवरा, ज्याला नदीनं नेऊन बारा वर्षं होत आली होती.

ते वाक्य कुठलं, हे कळायचं तर दैवशालाचं आयुष्य थोडं मागं जाऊन बघावं लागेल. तिची कहाणी सांगण्यासारखी आहे असं बोरी गावात कुणालाच वाटत नाही. तिलाही नाही.

लग्न होऊन ती बोरीला आली आणि दिवाळी सरताच नवऱ्यामागं, रामकिशनमागं, ऊसतोडीला गेली. तिकडं माणसं एकेकटी मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादम कोयते मोजतो. रामकिशन ऊस तोडायचा, ती मोळ्या बांधायची. मोळी तयार झाली की तो ती उचलून तिच्या डोक्यावर द्यायचा आणि ती फळीवरून गाडीत चढायची. मोळी डोक्यावर टेकवताना तो दर वेळी तिच्या कानाशी एकच बोलायचा, "हं, गाव जवळ आलं." गाव कसलं जवळ? एस.टी.नं निघालं तरी अख्खी रात्र सरायची. पहिल्या हंगामात ती हसायची आणि डोक्यावरची मोळी डळमळायची. पुढं पुढं ते ऐकल्याशिवाय तिचं पाऊलच उचलेना. नवरा-बायकोचं असलं बोलणं कुणी चारचौघांत सांगत नाही. तिनंही कधी सांगितलं नाही.

मग एका सकाळी रामकिशन बैलं घेऊन नदीवर पाण्याला गेला. बैलं आपल्या पायांनी परत आली, तो आला नाही. टोळीतल्या माणसांनी काठ धुंडाळला, डोहात गळ टाकले, हाती काहीच लागलं नाही. सगळे म्हणाले, नदीनं नेला. दैवशालालाही तसंच वाटलं. दुसरं काही तिच्या मनाला शिवलंच नाही. माणसानं माणसावर एवढा विश्वास टाकू नये असं म्हणणं सोपं आहे, पण ज्याच्या हातून रोज डोक्यावर ओझं घेतलं, त्याच्यावर नाही टाकायचा तर कुणावर टाकायचा?

अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी घेत नाही. ती बोरीला आली, दोन शेळ्या पाळल्या, रोजानं खुरपायला जाऊ लागली. प्रीतमला शाळेसाठी सासू सरजाबाईनं आधीपासूनच गावात ठेवून घेतलं होतं, त्यामुळं त्या पोरानं उसाचा फड कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. मढं सापडलं नाही म्हणून दैवशालाचं कुंकूही कुणी पुसलं नाही. भावकीचा रिवाज तसाच होता. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, आणि त्यानंतरच तो मेला म्हणायचा. तोवर दैवशाला ना धड सवाशीण ना धड विधवा. हळदीकुंकवाच्या बायका तिच्यापाशी आल्या की त्यांचा हात जरासा अडखळायचा. तिला तो दिसायचा, म्हणून ती जायचीच बंद झाली.

प्रीतम मोठा झाला, शेतात सोलर पंप बसवायच्या कामाला लागला, आणि कंपनीच्या खोलीवरून एक खेळ शिकून आला. बोरीला असला की रविवारी दुपारी खेळ मांडायचा. खेळ म्हणजे काय, तर पुष्कळ तोंडांचे फासे आणि नुसती बडबड. प्रीतम एका राज्याची गोष्ट सांगायचा आणि खेळणाऱ्यांनी त्यात आपापलं माणूस होऊन वागायचं. मेडिकलवाला आदिनाथ तलवारबहाद्दर व्हायचा, जो एरवी स्वतःला सुई टोचून घ्यायची म्हटलं तर डोळे मिटतो. कॉम्प्युटर क्लास घेणारी सुकेशनी जडीबुटीवाली व्हायची. बाकीचं सगळं राज्य, पहारेकरी, सराईवाली, चोर, भिकारी, प्रीतम एकटा निभवायचा. गोष्ट भरून काढायला आणलेली म्हणून दैवशाला त्यांना 'भरतीची माणसं' म्हणायची. आधी तिला वाटलं पोराला बाहेरचं लागलं. मग ओसरीवर कामं करता करता तिला त्या माणसांची गोडी लागली.

भरतीचं माणूस गोष्टीत आणायचं कसं, हे प्रीतम तिच्याकडूनच शिकला होता. दैवशाला कुणाची ओळख नावानं करून देतच नाही. दळण टाकताना डब्याला थापट मारते ती, शेतातून येताना काठी पाठीमागं आडवी धरतो तो. प्रीतमही तसाच, आधी माणसाला कामाला लावायचा आणि नाव मागाहून सांगायचा. एकदा सराईवालीनं ताक देताना भांड्यात अंगठा बुडवला, तर ओसरीवरून दैवशालानं दम भरला, की शेजारच्या कुसुमबाईला खेळात घ्यायचं नाही. खेळाचा एक नियमही तिला पाठ झाला होता. भरतीचं माणूस आलं की त्याला कुणीही काहीही विचारावं, आणि प्रीतमनं त्या माणसाच्याच तोंडानं उत्तर द्यावं.

यंदा प्रीतमचं लग्न ठरलं. चारठाण्याची पंकजा, मुलगी नाकीडोळी नीटस, माणसं सरळ. मुलीच्या बापानं एवढंच विचारलं, की पत्रिकेत वरपित्याच्या नावाआधी काय छापायचं, श्री की कै.? विचारण्यात खोच नव्हती. छापायचं तर काहीतरी ठरवायलाच हवं. धाकटा दीर बजरंग म्हणाला, वैनी, मुदत भरत आली, येत्या अमावास्येला उरकून घेऊ. तिनं मान हलवली. बजरंगनं दर्भाची पेंढी आणून ओसरीच्या कोपऱ्यात उभी केली. अमावास्या परवावर आली होती आणि अग्नी प्रीतमनं द्यायचा होता. उन्हाळ्यात कोल्हापूरकडं पंप बसवून आल्यापासून पोरगं गप्प गप्प होतं, पत्रिकेचा विषय निघाला की उठून जायचं. बापाची आठवण येत असेल, असं तिनं आपलं समजून घेतलं.

त्या रविवारी खेळातल्या दोघांना नदी ओलांडायची होती. प्रीतमनं काठावर एक नावाडी आणला. त्याचं नाव सांगितलं नाही, दाढी सांगितली नाही. तो ओझी उचलतोय एवढंच सांगितलं. सुकेशनीचं जडीबुटीचं गाठोडं त्यानं उचललं, तिच्या डोक्यावर टेकवलं आणि तिच्या कानाशी म्हणाला, "हं, गाव जवळ आलं."

सूप पडलं ते तेव्हा.

आधी दैवशालाला वाटलं, भास झाला. मग वाटलं, आपणच कधी तापात बरळलो असू आणि पोरानं ऐकलं असेल. पण तेवढ्यात आत आदिनाथ विचारू लागला, एवढं ओझं एकट्यानं डोक्यावर कसं देता येईल, आणि प्रीतम उठून करून दाखवू लागला. आधी गुडघ्यावर घ्यायचं, मग छातीशी, मग मान तिरकी करून वर. दारातून तिला तो दिसला. मान थेट तशीच तिरकी, फडात मोळी देताना रामकिशन करायचा तशी. तापात बरळलेल्या बाईकडून पोरगं शब्द शिकेल, पण मान तिरकी करायला कुठून शिकेल? भिंतीला धरून ती उठली आणि ज्वारी तुडवत दारात जाऊन उभी राहिली. धान्य पायाखाली येतंय हे तिला, जिनं आयुष्यात दाणा वाया घालवला नाही, कळलंसुद्धा नाही.

"त्या नावाड्याला थांबव," ती म्हणाली. "मला इचारायचंय."

आदिनाथ हसला. काकू खेळात आल्या, याचं त्याला कौतुक वाटलं. प्रीतमही हसला आणि म्हणाला, "इचार की, माय."

"उसाच्या फडात मोळी देताना गाव जवळ आलं म्हनायचास. कुणाच्या कानात म्हनायचास रं?"

ते बोलणं आईच्या कानातलं आहे, हे प्रीतमला खरंच माहीत नव्हतं. त्याला वाटलं होतं, नाव काढून घेतलं, हातात वल्हं दिलं, की माणूस ओळखू येत नाही. पोटात महिनोन्महिने दाबून ठेवलेलं एकदा कुणासमोर तरी बोलावं आणि आईला मात्र कळू नये, एवढाच त्याचा बेत होता. उन्हाळ्यात तिकडच्या एका शेतात पॅनल उचलताना शेतावरच्या गड्यानं त्याला हात दिला होता आणि तेच बोलला होता. बोली इकडची म्हणून प्रीतमनं गाव विचारलं, आणि मग दोघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले. ओळख पटताच बापानं गळ्याची आण घातली होती, तुझ्या मायला सांगू नको.

"जिता हाय का?" दैवशालानं विचारलं.

प्रीतमनं उत्तर दिलं ते नावाड्याच्याच आवाजात. स्वतःच्या आवाजात त्याला ते जमलं नसतं. "हाय."

"कुठं?"

"नदीच्या पल्याड."

"एकलाच?"

"न्हाई. बायको हाय. दोन पोरी हायत."

सुकेशनीला काय ते उमगलं. तिनं चटईवरचे फासे हळूच मुठीत घेतले. आदिनाथ अजून एकदा काकूंकडं, एकदा प्रीतमकडं बघत होता.

नवरा जिवंत आहे हे ऐकून बाईला आनंद व्हावा. दैवशालाला जे वाटलं त्यानं तीच हादरली. तिला वाटलं, नदीनं नेला असता तर बरं झालं असतं. इतकी वर्षं ती त्या नदीला शिव्या देत आली होती, आणि नदीचा काही गुन्हाच नव्हता. तो पल्याड बसून जेवत होता, पोरींच्या वेण्या घातलेल्या बघत होता, आणि इकडं ती आरशासमोर उभी राहून मेलेल्या माणसाच्या नावानं कुंकू लावत होती. तिला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. कुणीतरी थोबाडीत मारल्यावर क्षणभर काही ऐकू येत नाही, तसं तिला झालं होतं.

"मव्हं काही इचारलं का?" ती शेवटी म्हणाली.

आता प्रीतम स्वतःच्या आवाजात बोलला. "इचारलं. तुझी माय कुंकू लावती का अजून, म्हनला."

"मग?"

"लावती म्हनलं. तर तोंड धुऊन येतो म्हनून गेला. वापस आलाच न्हाई."

"तसाच हाय मग," दैवशाला म्हणाली.

सुकेशनीनंच धीर करून विचारलं, तेही खेळातलंच, कारण दुसरं काय विचारावं हे तिलाही कळेना, "काकू, ह्याला अल्याड गावात घ्यायचं का?"

"नगं. मारूबी नका त्याला. पल्याडच ऱ्हाऊ द्या."

ती वळली. कोपऱ्यातली दर्भाची पेंढी उचलली, तिचा बंद सोडला आणि लिंबाखाली शेळ्यांपुढं टाकली. शेळ्यांनी आधी हुंगून पाहिलं, मग खायला लागल्या. कपाळावरच्या कुंकवाला तिनं हात लावला नाही. ते ठेवायचं की पुसायचं, हे तिचं तिलाच अजून ठरवायचं होतं. मग ती ओसरीवर येऊन मातीत मिसळलेली ज्वारी ओंजळीनं गोळा करू लागली. प्रीतम तिच्या समोर येऊन बसला आणि तोही गोळा करू लागला.

"माय, परवा..."

"परवा काही न्हाई. जित्या माणसाला जाळतेत का कुणी? बजरंग भाऊजींला मी सांगते."

"अन् पत्रिकेत काय छापायचं?"

दैवशालानं ओंजळीतले खडे निवडून बाजूला टाकले आणि ज्वारी सुपात ओतली.

"नुसतं रामकिशन लिही," ती म्हणाली. "नावाआधी काही लावू नको."