बडग्याला तोंड कोणाचं?

“मंग उद्या?”

गल्लीत कोणी तावातावानं बोलू लागलं की सर चष्मा कपाळावर चढवून एवढंच विचारायचे. चढलेला आवाज तिथंच खाली यायचा.

सर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांचा वर्ग आमच्या गल्लीत, बडग्याच्या सांगाड्याभोवती भरू लागला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींच्या पुतळ्यांबरोबर बडगे निघतात, ते तुम्हीही पाहिले असतील. बांबू-कागदाचा पुतळा करायचा, ज्याच्यावर राग त्याचं तोंड लावायचं, मिरवायचा आणि शेवटी जाळायचा. आमच्या बडग्याची पाटी सर लिहीत. बांबू आणि कागद मोजून आणायचं काम माझं.

अमेरिकेनं आपल्या मालावर आयातशुल्क वाढवलं तेव्हाची गोष्ट. आमच्या प्रकाशभाऊचा कळमेश्वरला शर्ट शिवायचा छोटा कारखाना. सगळा माल एकाच अमेरिकन व्यापाऱ्याला जायचा. त्यानं ऑर्डर थांबवली आणि शिलाईच्या तीसेक बायांवर घरी बसायची वेळ आली.

“अमेरिकेचंच तोंड लावा,” प्रकाशभाऊ म्हणाला. “मी सोता काडी लावतो. व्हिडिओ त्या व्यापाऱ्याले पाठवतो.”

“मंग उद्या? माल कोणाले विकशील गा? मले?”

सगळे हसले. प्रकाशभाऊ नाही. “सर, तुमची पेन्शन चालू आहे. माह्या मशिनी बंद पडून राहिल्या.”

सर खाली बसले. मग बांबू बांधता बांधता बासष्ट सालच्या क्युबाचं सांगू लागले. अमेरिका आणि रशिया अणुयुद्धाच्या काठावर. जगासमोर दोघांच्या डरकाळ्या, आतून मात्र बोलणी चालू. रशियानं क्युबातली क्षेपणास्त्रं सगळ्यांदेखत काढली. अमेरिकेनं तुर्कस्तानातली, गाजावाजा न करता.

“दोघायनं एकमेकाले मागं सरकाले जागा ठेवली, म्हणून आपण आज बडगे बांधून राहिलो.”

“त्या दोघांकडं बॉम्ब होते, सर,” मी म्हणालो. माझा हिशेब जुळत नव्हता. “आपल्याकडं काय आहे?”

“म्हणूनच! ज्याच्यापाशी बॉम्ब नाही त्यानं तं बोलणं तोडूच नये. रशियाशी दोस्ती ठेवून आपण अमेरिकेचा गहू खाल्लाच ना? राग कराचा, दणकून कराचा, पण शुल्कावर.” मग प्रकाशभाऊकडं वळून म्हणाले, “तुह्या व्यापाऱ्यानं लावलं काय ते शुल्क? तोबी बुडूनच राहिला. त्याले काहून जाळतं?”

शेवटी पाटीवर ‘आयातशुल्क’ एवढंच आलं. तोंडाशिवाय बडग्या कसा, म्हणून पोट्टे फुरंगटले. सरांनी शुल्काला मिशा काढून दिल्या.

काडी प्रकाशभाऊनंच लावली. संध्याकाळी त्यानं व्यापाऱ्याला फोन केला आणि दोघांनी मिळून शुल्काला शिव्या घातल्या. देशांचंही याहून फार वेगळं नसतं, याबद्दल मला आता शंका उरलेली नाही.

ऑर्डर परत आली. निम्मीच, पण आली. तोवर सर गेले होते, थंडीत, झोपेतच.

पहिल्या लॉटमधला एक शर्ट घेऊन प्रकाशभाऊ त्यांच्या घरी गेला. सर गेल्यावर काकू मुलीकडं गेलेल्या, दाराला कुलूप. त्यानं शर्ट हँगरसकट फाटकाला अडकवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून वरची गुंडी लावली आणि कारखान्याची वेळ झाली म्हणून निघाला.