ताईच्या बोटाला लागलेला वेळ

मानसशास्त्राच्या एम.ए.ला असताना मी लोकांचा वेळ मोजत असे. लिहिलेला फ्रेंच शब्द ओळखायला माणसाला किती वेळ लागतो, एवढंच. अंधेरीच्या कॉलेजातल्या कोंदट खोलीत एक काळी पेटी होती. तिची झडप उघडली की कार्डावरचा शब्द दिसे आणि घड्याळ सुरू होई. शब्द खरा असेल तर उजवं बटण, आम्ही मनाने रचलेला असेल तर डावं. बटण दाबलं की घड्याळ बंद. सेकंदाचा हजारावा भागही त्यात दिसे. मला त्याचा केवढा गर्व होता. आता आठवलं की स्वतःचीच चीड येते.

फ्रेंच येणारी माणसं शोधायला वणवण करावी लागे. एक घरातच होती. संपात वडिलांची गिरणीतली नोकरी गेल्यापासून ताई मरोळच्या कारखान्यात चेकिंगला होती. इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या दिव्यासमोर धरायच्या आणि आत कण आहे का ते बघायचं. तिथून ती तशीच फ्रेंचच्या क्लासला जाई. सहारच्या विमानतळावर एखाद्या काउंटरवर नोकरी लागेल, या आशेवर. वर्गात तिचा पहिला नंबर होता. माझी फीही तीच भरे. मी सरांना आधीच सांगून ठेवलं, "सर, माझी ताई सगळ्यांत फास्ट निघेल."

ताई इस्त्रीची साडी नेसून आली. तिला ती परीक्षाच वाटली. झडप उघडली की ती शब्द बघे, पुन्हा पहिल्या अक्षरापासून बघे, मग बटण दाबे. कारखान्यात एकदा तिच्या नजरेतून कण सुटला होता आणि तिने सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली होती. तेव्हापासून ती प्रत्येक कुपी दोनदा बघे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हे मला घरी ठाऊक होतं, त्या खोलीत सुचलं नाही.

"पटकन दाब ना, ताई."

"थांब गं, नीट बघू दे."

तिला इतरांच्या दुप्पट वेळ लागला. इतके संथ आकडे सरासरी बिघडवतात, म्हणून ते गाळायचा नियम होता. सरांनी तिच्या कागदावर काट मारली आणि माझ्याकडे बघून हसले. मला ताईचाच राग आला.

बसस्टॉपवर तिने विचारलं, "पास ना गं मी?"

"सगळ्यांत स्लो निघालीस. तुझा कागद गाळला."

"म्हणजे मला नुसतं पाठच येतं," ती म्हणाली. "वाचता येत नाही."

मी बसचा नंबर बघत राहिले.

पुढच्या महिन्यात तिने क्लास सोडला आणि ओव्हरटाइम घ्यायला लागली. काउंटरच्या नोकरीसाठी तिने कधी अर्ज केला नाही. डोळे अधू होईपर्यंत ती कुप्याच बघत राहिली.

त्या कागदावर वेळेच्या शेजारी चुकांचा रकाना होता. सगळ्यांच्या काही ना काही चुका होत्या. ताईची एकही नव्हती. हे मी खोलीतून निघण्याआधीच पाहिलं होतं.