दोन साइज मोठी चाकं

त्या प्रकरणाला बरीच वर्षं झाली, तरी ते आठवलं की माझी मान आजही खाली जाते. कोणाचंही नाव घेणार नाही. माझं वागणं मात्र जसं होतं तसंच सांगतो.

मी तेव्हा बेंगळुरूच्या उत्तर भागातल्या एका वाहतूक पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. मूळचा बेळगावकडचा. घरात मराठी, ठाण्यात कन्नड, वरिष्ठांपुढे इंग्रजी, अशी सवय झालेली. एके दिवशी सकाळी नऊच्या सुमारास वायरलेसवर संदेश आला, हेब्बाळजवळच्या सर्व्हिस रोडवर अपघात झालाय. एका उंच एसयूव्हीने वळण घेऊन उताराला लागताच बसथांब्यावरच्या बाईला धडक दिली होती. मी पोहोचलो तोवर तिला रुग्णवाहिकेतून नेलं होतं. रस्त्यावर तिची एक चप्पल आणि ब्लाउजपीसांची पिशवी पडली होती. बाई पंचेचाळिशीची, घरी पायमशीनवर शिवणकाम करणारी. त्याच दिवशी तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

गाडीवाला पळाला नव्हता. पुण्याहून नोकरीसाठी आलेला, तिशीतला इंजिनिअर. रस्त्याच्या कडेला बसून होता.

"सर, ब्रेकचं पेडल एकदम खालीच गेलं. मी दाबत होतो, गाडी थांबलीच नाही."

ब्रेक लागला नाही, हे मी नोकरीत इतक्यांदा ऐकलं होतं की आता ते कानावरून जायचं. दारूची तपासणी केली, काही निघालं नाही. पंचनामा केला आणि गाडी ठाण्याच्या आवारात आणली. दुपारी थांब्यासमोरच्या चहावाल्याचा फोन आला. तो म्हणाला, "सार, त्याच्या कानाला मोबाइल होता. मी डोळ्यांनी बघितलं."

मला तेवढं पुरलं. मोबाइल कधी कानाला होता, धडकेच्या आधी की नंतर, हे मी विचारलंच नाही. पहिल्या वर्षाच्या शिपायालाही सुचला असता असा तो प्रश्न.

त्या इंजिनिअरला मी संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. हात लावला नाही, पण तोंड सोडलं. त्याची बायको डबा घेऊन आली होती. तिच्यादेखत मी त्याला म्हणालो, "पगार लाखात, गाडी डोंगराएवढी, आणि खोटं बोलताना लाज नाही वाटत?" हे मुद्दाम मराठीतून बोललो, त्याला नीट लागावं म्हणून. शेवटी तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, तुम्ही म्हणाल तसं लिहा." मी लिहिलं. मोबाइलवर बोलताना लक्ष विचलित झालं, असा जबाब तयार झाला आणि त्याने सही केली. एका दिवसात प्रकरण उलगडलं म्हणून मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी गाडी तपासायला आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक यायचे होते. ते येण्याआधीच आमचे हवालदार, निवृत्तीला आलेले शांत गृहस्थ, गाडीच्या पुढच्या चाकापाशी वाकून बसले होते. त्यांनी मला हाक मारली, "सार, स्वल्प इल्लि नोडि." जरा इकडे बघा. चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेक ऑइलची रबरी नळी होती. ती एका जागी घासून फाटली होती आणि रिमवर तेलाचे ओघळ वाळले होते.

मोटार वाहन निरीक्षकांनी स्टिअरिंग पूर्ण फिरवून दाखवलं. कंपनीने दिलेली चाकं काढून दोन साइज मोठी बसवलेली. रिम रुंद, आतल्या बाजूला जास्त शिरलेली. पूर्ण वळण घेतलं की टायर त्या नळीला घासायचा. चाकं बसवल्यापासून तीन आठवडे घासून घासून ती पातळ झाली आणि त्या वळणावर फुटली.

"तो खरं बोलतोय," ते म्हणाले. "ब्रेक अर्धासुद्धा लागला नसणार."

मोबाइलच्या कंपनीकडून कॉलचा तपशील आला. धडकेनंतर एकच कॉल होता, रुग्णवाहिकेला. चहावाल्याने पाहिला होता तो हाच.

मी इंजिनिअरला पुन्हा बोलावलं. या वेळी खुर्ची दिली. माफी मात्र मागितली नाही. विचारलं, "एवढी मोठी चाकं लावायला कोणी सांगितलं?"

हवालदार लिहायला बसले होते. त्यांच्याकडे बघत, आवाज खाली आणून तो म्हणाला, "सर, त्या दुकानातला फिटर नको म्हणत होता. मग मालकाने काउंटरमागचा फोटो दाखवला. म्हणाला, पोलीस इन्स्पेक्टरांनी हीच लावलीत, त्यांना चालतात तर तुम्हाला काय होतंय? तो फोटो तुमचा होता, सर."

हवालदारांचं पेन थांबलं.

फोटो माझाच होता. चार महिन्यांपूर्वी माझ्या स्वतःच्या एसयूव्हीला मी त्याच दुकानात तसलीच चाकं बसवली होती. गरज काहीच नव्हती. गाडी रस्त्यात उठून दिसावी, सोसायटीत शेजाऱ्यांनी विचारावं, एवढंच. मालकाने फोटो मागितला तेव्हा मी गणवेशात होतो. एक पाय चाकावर ठेवून ऐटीत उभा राहिलो.

मी हवालदारांना म्हणालो, "फिटरचं आणि फोटोचं सोडून द्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं लिहायला घेतलं.

दुकानात मी एकटाच गेलो. मालकाला सांगून आधी फोटो उतरवला, मग फिटरला बाजूला घेतलं. पन्नाशीचा माणूस, आमच्याच निपाणीकडचा. इंजिनिअरने सांगितलेलं ठाऊक असूनही मी दरडावलं, "गिऱ्हाइकाला धोका सांगायला काय झालं होतं?"

तो मुळीच घाबरला नाही. "सांगितलो होतो की ओ साहेब. एक साइज वाढवा, दोन नको, स्टिअरिंग पुरं फिरवून बघा, म्हणून सांगितलो. तुमाला बी सांगितलो होतो. तुम्ही म्हणला, लाव गप."

म्हणालो होतो. अगदी तेच शब्द.

त्याचा जबाब मी लिहिला, पण त्यात हे आलं नाही. ते लिहिलं असतं तर त्याने मला बजावल्याचंही लिहावं लागलं असतं. दोषारोपपत्रात मालक आणि चालकाबरोबर त्याचंही नाव गेलं. दुकानाने त्याला कामावरून काढलं. त्या रविवारी मी जयनगरच्या एका गॅरेजात माझ्या गाडीची जुनी चाकं परत बसवून घेतली. तिथल्या मेकॅनिकने ब्रेकची नळी मला दाखवली. तीही एका जागी घासून चकचकीत झाली होती. त्या गाडीतून माझी बायको रोज आमच्या नातीला शाळेत सोडायची.

पुढे मी निवृत्त झालो. हार, शाल, भाषणं. माझ्या तपासांचं कौतुक झालं, त्यात या प्रकरणाचाही उल्लेख होता. मी हात जोडून ऐकून घेतलं.

अपघातानंतर चार वर्षांनी साक्षीचं समन्स आलं. फिटरचा वकील तरुण होता, कागदांत शोधून थकला होता. त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझ्या अशिलाने ग्राहकांना धोक्याची सूचना दिली होती का, याचा तपास आपण केला?"

"नोंद नाही" एवढं म्हणून सुटता आलं असतं. माझ्या डाव्या हाताला बाकावर ती बाई बसली होती, कुबड्या भिंतीला टेकवून. फिटर आरोपींच्या जागी खाली बघत उभा होता.

मी म्हणालो, "दिली होती. चालकाने तसं मला सांगितलं होतं आणि यानेही. मी ते लिहिलं नाही."

"का?"

"कारण त्याने तीच सूचना मलाही दिली होती. मी ऐकली नाही. माझा फोटो बघूनच पुढच्या माणसाने ती चाकं घेतली."

न्यायाधीशांनी ते शब्दशः लिहून घ्यायला सांगितलं आणि माझ्या तपासावर कडक शेरे मारले. ते योग्यच होते. पुढे फिटर सुटला. साक्षीच्या दिवशी बाहेर व्हरांड्यात मी त्याच्याकडे गेलो, पण तो पाठ फिरवून वकिलाबरोबर निघून गेला.

बाई मात्र थांबली. आता मशीनला मोटर लावली आहे, म्हणाली, पण पूर्वीइतकं काम होत नाही. मग तिने विचारलं, "अण्णा, हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"होतं."

"मग मी हॉस्पिटलात होते तेव्हा तुम्ही दोनदा आलात. तेव्हा का नाही बोललात?"

मी उत्तर शोधत राहिलो. तिने थोडा वेळ वाट पाहिली, कुबड्या घेतल्या आणि मुलीच्या आधाराने पायऱ्या उतरू लागली.

तीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारले. समोरचा गप्प बसला की तो काहीतरी लपवतोय असं धरून चालायचो. त्या व्हरांड्यात मला कळलं की माणूस सगळं सांगून झाल्यावरही गप्प बसतो, कारण सांगण्यासारखं त्याच्याकडे काहीच उरलेलं नसतं. माझी कोर्टातली साक्ष कोणी धाडस म्हणतं तेव्हा मी त्यांना थांबवतो. ते चार वर्षं उशिरा केलेलं माझं साधं काम होतं. आणि त्या इंजिनिअरची माफी मी अजून मागितलेली नाही. तो शहर सोडून गेला. त्याचा पत्ता काढणं माझ्यासारख्याला अवघड नाही, हे मला ठाऊक आहे.