तिसरं बाक

रसायनशास्त्राच्या बाईंचा दरारा असा, की त्यांच्या तासाला मागच्या बाकावरही कुणाची खुसपुस चालायची नाही. पोटची लेक त्याच वर्गात होती, पण लाड नाही. एकदा ती चुकून “आई” म्हणाली, तर बाईंनी तिला तास संपेपर्यंत उभं केलं होतं.

लेक दोन महिन्यांपूर्वी तापाने गेली. चार दिवसांत सगळं आटोपलं.

मुख्याध्यापक म्हणाले, “हा वर्ग यंदा दुसऱ्या कुणाला देऊ.” बाईंनी ऐकलं नाही. अणूचा धडा वीस वर्षं त्याच शिकवत होत्या, आणि तो नीट शिकवता आला तर आपण अजून उभ्या आहोत, एवढंच त्यांना स्वतःला पटवायचं होतं.

हा धडा बाई मुलांनाच इलेक्ट्रॉन म्हणून बाकांवर बसवून शिकवत. पुढचं बाक म्हणजे अणूचं पहिलं कवच, तिथे दोघं. मागची चार बाकं दुसरं कवच. त्यातल्या एकावर आधी दोघं. उरलेली तीन मिळून एक उपकवच. तिथे आधी एकेकाने बसायचं, तिन्ही बाकांवर कुणी ना कुणी आलं की मगच शेजारी दुसरा, तोही उलट तोंड करून, कारण जोडीतल्या इलेक्ट्रॉनांची फिरकी उलट असते. यावर वर्ग दरवर्षी खिदळायचा. यंदा कुणी हसलं नाही.

बाई हजेरीच्या क्रमाने पहिल्या दहा नंबरांना बोलवत होत्या. “पाच. सहा. सात.”

सात नंबर लेकीचा होता, त्या तिनांतल्या तिसऱ्या बाकावरचा. सवयीने तोंडातून गेला.

“आठ,” बाई म्हणाल्या.

आठ नंबर लेकीची जिवलग मैत्रीण. ती उठली आणि पाच नंबरच्या शेजारी जाऊन बसली.

“चुकलं. तिसरं बाक रिकामं आहे.”

“बाई, ती तिची जागा आहे.”

इलेक्ट्रॉनला नाव नसतं, कुणाच्याही जागी कुणीही चालतो, हे वाक्य बाई दरवर्षी ठणकावून सांगत. आज त्यांनी ते गाळलं.

“बस गं बाळा. नियम आहे,” त्या म्हणाल्या. मुलगी डोळे पुसत तिथे जाऊन बसली. मग नऊ आणि दहा नंबर पाच-सहाच्या शेजारी बसले. तिच्या शेजारची जागा तेवढी रिकामी राहिली.

“किती झाले?”

“नऊ. म्हणजे फ्लोरिन.”

“कवच भरायला किती कमी?”

“एक.”

पुढच्या बाकावरच्या मुलाने चाचरत विचारलं, “बाई, फ्लोरिन तो एक कुणाकडून तरी मिळवतोच ना?”

“हो रे. त्याला कुणाचाही चालतो,” बाई म्हणाल्या, आणि भरल्या वर्गासमोर टेबलावर डोकं ठेवून रडल्या.