मुंगी चावल्याएवढं

जगातल्या प्रत्येकानं आपल्याशी शब्दाला शब्द खरं बोलावं, अशी अपेक्षा धरून साठ वर्षं जगलेला आणि म्हणूनच साठ वर्षं संतापलेला माणूस मी एकच पाहिला : माझे मामेसासरे. भांडगावला त्यांची शेती. एसटीचा कंडक्टर सहज "पाच मिनिटांत सुटतीय" म्हणाला की मामा मनगटावरचं घड्याळ त्याच्या नाकासमोर धरून उभे राहत आणि सहाव्या मिनिटाला भांडण सुरू करत. "साखर हाय, साखर" असं ओरडून विकलेलं एक कलिंगड घरी फिकं निघालं, तर अर्धं उरलेलं घेऊन ते दौंडच्या बाजारात परत गेले. विकणारा बिचारा बदल्यात दुसरं द्यायला लागला. "मला कलिंगड नगं. तू साखर म्हणू नगंस, येवढंच," म्हणाले आणि रिकाम्या हातानं परतले.

अशा माणसाच्या गुडघ्यातली गादी फाटली. दौंडच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरवलं. डॉक्टर तरुण, हसतमुख. म्हणाले, "मामा, अगदी किरकोळ आहे. दोन भोकं पाडायची. मुंगी चावल्याएवढं दुखेल." मामा निर्धास्त टेबलावर चढले.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मी भांडगावला भेटायला गेले, तर मामा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. गुडघा टम्म फुगलेला. ओरडा नाही, शिवी नाही. या शांततेनंच मी घाबरले. मामींना चहा करायला पाठवून त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "सूनबाई, पाय कापावा लागंल का गं?" डॉक्टरांनी मुंगी सांगितली होती. दुखत होतं ते तर मुंगीच्या शंभरपट. म्हणजे पाय आतून सडला असणार, असा सरळ हिशेब त्यांनी मनाशी केला होता, आणि तो कुणालाही न सांगता रात्रभर एकटेच भोगला होता.

मी तशीच जीप बोलावून त्यांना दौंडला नेलं. डॉक्टरांनी गुडघा दाबून, वाकवून पाहिला. "सगळं उत्तम आहे. सूज आहे. काहींना आठ-दहा दिवस दुखतं असं."

"दुखतं असं?" मामा उठून बसले. पाय शाबूत आहे हे कळलं आणि रात्रभर कोंडलेला संताप एकदम वर आला. "तुमी मुंगी म्हणला व्हता. कुठली मुंगी? कुठल्या गावची? आणा हिकडं, मला बघू द्या!"

"मामा, पेशंट घाबरू नये म्हणून आम्ही तसं..."

"म्या घाबरलोच की! आधी सांगितलं असतं, तर निस्तं दुखलं असतं. आता दुखलं बी, आन् पाय गेला म्हनून रडलो बी. दुखन्याला म्या भ्यालो न्हाई, डाक्टर. तुमच्या मुंगीनं भ्यालो."

बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांनाही मामांनी जाता जाता बजावलं, "लई दुखतंय. पर पाय जात न्हाई. दोन्ही ध्यानात ठेवा."

पुढे दोन महिन्यांनी त्यांच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं तसंच ऑपरेशन झालं. मामांनी त्यांना आधीच एकेक दिवस समजावून सांगितला होता, कधी सूज येईल, कधी झोप लागणार नाही, सगळं. तिसऱ्या दिवशी मामा मुद्दाम आले आणि उशाशी बसले. सासूबाई कधी न रडणाऱ्या. पण त्या दुपारी त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. भावाचा हात घट्ट धरून त्यांनी विचारलं, "उद्या तरी थांबंल का रं?"

अजून आठवडाभर थांबणार नाही, हे मामांइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी बहिणीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"थांबंल की, आक्का," ते म्हणाले. "उद्या सकाळी बग, काय सुदिक वाटायचं न्हाई."

मग त्यांनी चोरट्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं. मी चादरीची घडी नीट करू लागले.