यादीत नव्हतं, पिशवीत होतं

नाना चढावर पाढे म्हणायचे, तेही मोठ्याने. साधे नाहीत, पावकी, पाऊणकी, दिडकी. मोंटानातल्या ग्लेशियर पार्कमध्ये रेंजरने बजावलं होतं, वाटेत आवाज करत चला, म्हणजे अस्वलं लांब राहतात. बाकीचे लोक टाळ्या वाजवत होते. माझे सासरे काठी टेकत दिडकी म्हणत होते.

"आजोबा, प्लीज! पीपल आर लुकिंग," अकरा वर्षांची सई कुरकुरली.

"बघू देत. अस्वल नाही ना बघत?"

ते २००५ साल. नाना सहा महिन्यांसाठी आमच्याकडे बेलव्ह्यूला आले होते. तिथून दहा तास गाडी चालवून आम्ही चौघं पार्कला गेलो. मी नेहमीप्रमाणे यादी केली होती: पाणी, थालीपिठं, बँडेज, आणि शेवटी 'दुपारी दोन वाजता, असू तिथून परत'. माझ्या याद्यांची घरात थट्टाच होते. नाना मात्र त्या चष्मा लावून वाचायचे आणि खाली बारीक सही करायचे. नगर जिल्ह्यात कालव्यावर त्यांची तीस वर्षं नोकरी झाली होती. शेतांना पाण्याची पाळी लावून द्यायची, वेळेला पाणी सोडायचं, वेळेला बंद करायचं. "जन्मभर पाणी वाटलं," ते म्हणाले होते, "ते सुरू कुठं होतं तिथं एकदा हात लावून बघायचाय." सहल त्यासाठीच होती.

पहिल्या तळ्यापाशी त्यांनी पिशवीतून कानटोपी काढून घातली. जुलै महिना. माझा नवरा, श्री, हसून लोटपोट. दुसऱ्या तळ्यापाशी वारा असा सुटला की सईला धरून ठेवावं लागलं. श्री कान दाबत हळूच म्हणाला, "नाना, आणखी एक आहे का हो?"

तीन होत्या. सगळ्यांना वाटून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सूनबाई, यादीत नव्हतं, पिशवीत होतं."

दोन वाजले तेव्हा ग्लेशियर वर समोर दिसत होता. उतरणारे लोक म्हणाले, अजून अर्धा तास. नाना धापा टाकत होते. वारा थांबत नव्हता. माझे पाय बोलत होते.

"नाना, दोन वाजले."

त्यांनी एकदा बर्फाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"अगं, अर्ध्या तासाने काय होतंय?" श्री म्हणाला.

"नको रे," नानाच म्हणाले. "पाळी संपली की दार बंद. शेतकरी कितीही ओरडला तरी. मीही तेच केलंय." मग काठी वळवत म्हणाले, "पुढच्या यादीत मात्र पहिलं नाव माझं लिही."

मी त्याच संध्याकाळी लिहिलं: 'नाना – ग्लेशियर'.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना विमानप्रवास बंद केला. त्या हिवाळ्यात नाना गेले. ती ओळ मी एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवत राहिले. खूण करता येईना, खोडवेना.

२००८ साली आम्ही तिघं पुन्हा गेलो. ऑफिसने तोवर माझा पार चोथा केला होता, दुसऱ्या तळ्यापाशीच मी दगडावर बसले. घड्याळात दोनला पाच कमी होते. कानटोपी ओढून उठले आणि पाय उचलावेत म्हणून दिडकी सुरू केली. सात दीड साडेदहा, आठ दीड बारा. पुढचं आठवेना.

"नऊ दीड साडेतेरा," पुढे चालणारी सई मागे न बघता म्हणाली. "चल आई. मोठ्याने म्हण. अस्वलं आहेत."

बर्फाला हात लावला तेव्हा तीन वाजायला दहा मिनिटं होती. तो इतका गार होता की हात फार वेळ ठेववेना. तरी ठेवला.